शिशाविना शिसपेन्सिल

मुलाने पेन्सिल तोंडात घातली की घरातील वडीलधारी मंडळी आजही त्याला दटावतात. पेन्सिलीत शिसे असते आणि शिसे विषारी असते, हे त्यामागचे सरळ कारण. दटावणे योग्यच, एके काळी पेन्सिलीच्या बाहेरच्या रंगात शिसे असे, त्यामुळे ही भीती अगदीच निराधार नव्हती. परंतु लाकडाच्या आत जी काळी कांडी असते, तिच्यात शिशाचा कणही नसतो. ती असते ग्राफाइट आणि माती यांच्या मिश्रणाची, भट्टीत भाजून काढलेली. तरीही मराठीत तिचे नाव शिसपेन्सिल. जर्मन भाषेतील 'ब्लायस्टिफ्ट' या शब्दातही शिसेच आहे आणि अरबी 'कलम रसास'चा अर्थही शिशाची लेखणी असाच होतो. फ्रेंचांनी तिला 'क्रेयाँ' म्हटले; तो शब्द निघाला खडूवरून. 'पेन्सिल' या शब्दाचे मूळ तर लॅटिनमधील छोट्या कुंचल्यात आहे. म्हणजे शिसपेन्सिल या जोडशब्दाने ज्या दोन वस्तू सांगितल्या, त्यांपैकी एकही तिच्यात सापडत नाही.

अशी नावे घरोघरी आढळतात. मेणबत्तीतले मधमाश्यांचे मेण जाऊन तेथे खनिज तेलापासून काढलेले पॅराफिन आले, त्यालाही दीड शतक उलटले. मेणकापडाला आता मेण लागत नाही. कंपासपेटीतले खोडरबर बहुधा प्लास्टिकचे असते. या साऱ्या वस्तूंतून मूळ पदार्थ हळूहळू, कोणाच्या ध्यानीमनी नसताना निघून गेला. पेन्सिलीचे तसे नाही. आज आपण वापरतो ती पेन्सिल कोणी घडविली, कोणत्या वर्षी आणि कोणत्या अडचणीपायी, हे इतिहासाला ठाऊक आहे. त्या गृहस्थाचे नाव निकोला-जाक कोंते. हातात नसलेल्या वस्तूचे काम हाताशी असलेल्या वस्तूकडून करून घेणे, हीच या माणसाची आयुष्यभराची विद्या होती.

कोंते यांच्याकडे वळण्यापूर्वी शिशाचा हिशेब पुरा करायला हवा. प्राचीन रोमन लोक आणि त्यांच्यानंतरचे मध्ययुगीन लेखनिक हस्तलिखितावर रेघा आखण्यासाठी खरोखरच शिशाचा तुकडा वापरत. तो फिकट, राखाडी रेघ काढी. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील कंबरलंड परगण्यात, बॉरोडेलच्या डोंगरात, एक काळाभोर आणि मऊ खनिज सापडले. आसपासचे धनगर त्याने मेंढ्यांवर खुणा करू लागले. शिशापेक्षा त्याची रेघ कितीतरी गडद होती, म्हणून हे शिशाच्याच जातीचे काही असावे, असा समज झाला. त्याला 'प्लम्बेगो' आणि 'काळे शिसे' अशी नावे पडली. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शीले यांनी 1779 मध्ये दाखवून दिले, की हे शिसे नसून कार्बनचे एक रूप आहे. दहा वर्षांनी, 1789 मध्ये, जर्मन खनिजतज्ज्ञ वेर्नर यांनी लिहिणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ग्राफाइट हे नाव दिले. विद्वानांनी चूक सुधारली. बाजाराने ती सुधारणा मनावर घेतली नाही.

बॉरोडेलच्या ग्राफाइटची प्रत अशी होती, की त्याचे ठोकळे थेट करवतीने कापून पातळ कांड्या निघत. त्या लाकडात बसविल्या की पेन्सिल तयार. जगात इतरत्र ग्राफाइट सापडे ते बहुधा भुसभुशीत आणि भेसळीचे. शिवाय बॉरोडेलच्या मालाचा लष्करी उपयोगही होता. तोफगोळे ओतण्याच्या साच्यांना आतून त्याचा लेप देत. त्यामुळे तेथील खाणीवर पहारे असत आणि 1752 मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदा करून या खनिजाची चोरी हा गंभीर गुन्हा ठरविला. जर्मनीतील कारागीर ग्राफाइटच्या भुकटीत गंधक आणि डिंक मिसळून कांड्या करीत. पण त्या ठिसूळ होत आणि कागदावर खरखरीत चालत. चांगली पेन्सिल हवी तर इंग्लंडकडे हात पसरावा लागे.

निकोला-जाक कोंते यांचा जन्म 4 ऑगस्ट 1755 रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात, 'से' या गावाजवळच्या एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. तेथील रुग्णालयात माळ्याच्या हाताखाली काम करीत असतानाच, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्यांनी रुग्णालयासाठी धार्मिक विषयांवरील चित्रफलक रंगविले. ते पाहून या मुलाच्या हातात काही विशेष आहे, हे जाणत्यांच्या लक्षात आले. पुढे प्रख्यात चित्रकार ग्रझ यांच्या सल्ल्याने ते व्यक्तिचित्रणाकडे वळले. धनिकांच्या घरांतून त्यांच्या चित्रांना मागणी आली आणि काही वर्षांतच त्यांनी चार पैसे गाठीशी बांधले.

एखादा चित्रकार येथे स्थिरावला असता. कोंते यांनी मात्र मिळविलेला पैसा आणि निवांतपणा यंत्रे व रसायने यांच्या नादी लावला. पॅरिसमध्ये त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ शार्ल आणि रसायनशास्त्रज्ञ व्होकलँ यांची व्याख्याने ऐकली. पाणी उपसण्याचे एक यंत्र तयार करून विज्ञान अकादमीपुढे मांडले आणि तेथे त्याची वाखाणणी झाली. शास्त्राची रीतसर पदवी त्यांच्याजवळ नव्हती. होता तो चित्रकाराचा डोळा आणि कारागिराचा हात.

फ्रेंच राज्यक्रांतीने अशा माणसाला काम पुरविले. फेब्रुवारी 1793 मध्ये फ्रान्सने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारले आणि सागरी मार्गांनी येणारा माल आटत गेला. लढाया चालू असताना तज्ज्ञ मंडळी प्रयोगशाळांत बसून एकेका टंचाईवर उपाय शोधत होती. शत्रूच्या हालचाली उंचावरून टिपण्यासाठी लष्करी बलून उडविण्याची कल्पना पुढे आली, तेव्हा पहिली अडचण वायूची निघाली. हायड्रोजन तयार करण्याची प्रचलित रीत म्हणजे लोखंडावर गंधकाम्ल ओतणे. पण गंधक तर तोफांच्या दारूला पुरत नव्हते. म्हणून तापून लाल झालेल्या लोखंडावरून वाफ सोडून हायड्रोजन काढण्याची रीत अवलंबिली गेली. पॅरिसजवळच्या मदाँ येथील केंद्रात कोंते याच कामात गढले होते. वायू मोठ्या प्रमाणावर कसा काढावा आणि बलूनच्या कापडातून तो झिरपू नये म्हणून कोणते रोगण लावावे, यावर त्यांचे प्रयोग चालत. जून 1794 मध्ये फ्लेर्युसच्या लढाईत फ्रेंच बलून आकाशात तरंगला आणि त्यातून टेहळणी झाली. मदाँच्या या प्रयोगांची किंमत कोंते यांना स्वतःच्या शरीराने मोजावी लागली. एकदा हायड्रोजनचा स्फोट झाला आणि त्यांचा डावा डोळा कायमचा गेला. चित्रकाराच्या दृष्टीने हे नुकसान केवढे, हे सांगायला नको. पुढच्या काळातील त्यांच्या चित्रांत डोळ्यावरून गेलेली पट्टी दिसते.

याच सुमारास लाझार कार्नो यांनी त्यांच्यावर पेन्सिलीचे काम सोपविले. कार्नो हे सार्वजनिक सुरक्षा समितीचे सदस्य आणि क्रांतीच्या सैन्याचे प्रमुख आयोजक. युद्धाच्या धामधुमीत त्यांना पेन्सिलीची आठवण का व्हावी, असे वाटू शकते. पण रणभूमीवर नकाशे काढणारा अभियंता, घोड्यावर बसून टिपणे घेणारा अधिकारी, तोफखान्याचे आराखडे आखणारा कारागीर यांना दौत-टाक घेऊन हिंडता येत नाही. बॉरोडेलचा माल बंद झाला म्हणजे या सर्वांचे हात थांबले.

कोंते यांनी हा प्रश्न आठ दिवसांत सोडविला, अशी आख्यायिका आहे. दिवस किती लागले यापेक्षा त्यांनी प्रश्नाची मांडणी कशी बदलली, हे अधिक महत्त्वाचे. इतरांची धडपड अस्सल ठोकळ्याला जवळचा पर्याय मिळविण्याची होती. कोंते यांनी ठोकळ्याचा नादच सोडला. फ्रान्समध्ये मिळणारे हलक्या प्रतीचे ग्राफाइट त्यांनी घेतले, ते कुटून त्याची बारीक भुकटी केली आणि त्यातील अशुद्ध भाग काढून टाकला. स्वच्छ केलेल्या चिकणमातीत ही भुकटी पाण्याबरोबर मळली. तो गोळा अरुंद साच्यांत दाबून कांड्या पाडल्या, त्या वाळविल्या आणि हवा लागू न देता भट्टीत भाजल्या. भाजल्यावर माती घट्ट झाली आणि तिने ग्राफाइटचे कण जागच्या जागी धरून ठेवले. ही कांडी खाच पाडलेल्या लाकडात बसविली, वरून लाकडाची पट्टी चिकटविली आणि पेन्सिल झाली. जातीने पाहिले तर ही कांडी कुंभाराच्या मडक्याची नातलग ठरते.

या रीतीत एक असा लाभ होता, की तो बॉरोडेलच्या खाणीलाही देता आला नसता. निसर्गात मिळालेला ठोकळा जसा असेल तसा. कधी मऊ, कधी कडक. कोंते यांच्या हाती मात्र मातीचे प्रमाण होते. माती वाढविली की कांडी कठीण होई आणि रेघ फिकट उमटे. माती कमी केली की कांडी मऊ आणि रेघ गडद. नकाशा काढणाऱ्याला एक पेन्सिल आणि छाया रंगविणाऱ्याला दुसरी, असे मुद्दाम ठरवून करता येऊ लागले. चित्रकलेच्या परीक्षेला बसणारी मुले आज दुकानात जाऊन एच, एचबी, बी अशा पेन्सिली मागतात, त्या निवडीचे मूळ येथे आहे. व्हिएन्नाच्या योझेफ हार्टमुट यांनीही त्याच दशकात माती मिसळण्याची रीत स्वतंत्रपणे शोधल्याचा दावा आहे. पण जानेवारी 1795 मध्ये पेटंट निघाले ते कोंते यांच्या नावाने, आणि पॅरिसमध्ये त्यांनी कारखानाही काढला. टंचाईच्या काळातील तडजोडीचा माल अस्सल मालापेक्षा सरस ठरावा, असे क्वचितच घडते.

सप्टेंबर 1798 मध्ये पॅरिसच्या शाँ-द-मार्स मैदानावर फ्रान्सचे पहिले राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरले. तेथे सर्वोच्च सन्मान मिळविणाऱ्या निवडक उत्पादकांत कोंते यांचा समावेश होता. मात्र या वेळी ते पॅरिसमध्ये नव्हते. नेपोलियन बोनापार्टच्या मोहिमेबरोबर ते इजिप्तला जाऊन पोहोचले होते.

या मोहिमेत सैन्याबरोबर शास्त्रज्ञ, अभियंते आणि चित्रकार यांचा मोठा ताफा होता. कोंते हे बलून पथकाचे प्रमुख म्हणून गेले. पण दैवाचे फासे सुरुवातीपासूनच उलटे पडले. ऑगस्ट 1798 च्या प्रारंभी अबुकीरच्या उपसागरात नेल्सनच्या आरमाराने फ्रेंच नौदलाचा धुव्वा उडविला आणि फ्रान्सशी असलेला दुवा तुटला. बरोबर आणलेल्या साहित्याचा मोठा हिस्सा समुद्रात गेला. उरलेल्या उपकरणांतील बरीचशी कैरो येथे जनरल काफारेली यांच्या निवासस्थानी ठेवली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कैरोत फ्रेंचांविरुद्ध उठाव झाला, त्या घरावर जमाव चालून गेला आणि तीही नष्ट झाली. बलून उडवून स्थानिकांना थक्क करण्याचा बेतही फसला. कैरोच्या चौकात सोडलेला गरम हवेचा बलून थोडा वर जाऊन खाली आला. इजिप्तचे इतिहासकार अल-जबर्ती यांनी आपल्या बखरीत या प्रसंगाची थट्टा केली असून, लग्नसमारंभात नोकर उडवितात तशा पतंगाशी त्याची तुलना केली आहे. परक्या सत्तेचा डौल उतरताना पाहून त्यांना समाधान वाटले असल्यास नवल नाही.

येथून पुढची सुमारे तीन वर्षे म्हणजे कोंते यांच्या आयुष्यातील सर्वांत कसाचा काळ. हजारो सैनिक परमुलखात अडकलेले, मायदेशातून काही येण्याची आशा नाही, आणि हाताशी अवजारेही नाहीत. अवजारे करण्यासाठी लागणारी अवजारे आधी घडवावी लागली. कोंते यांनी कैरोत कार्यशाळा उभ्या केल्या. तेथे सैन्यासाठी कापड विणले गेले, तलवारीची पाती निघाली, शल्यचिकित्सकांची हत्यारे, दुर्बिणींची भिंगे, नकाशा आखण्याची उपकरणे, टांकसाळीची आणि छापखान्याची यंत्रसामग्री तयार झाली. धान्य दळण्यासाठी पवनचक्क्या फिरू लागल्या. सहकारी शास्त्रज्ञ बर्तोले यांनी मागाहून या वसाहतीचे सारे चैतन्य कोंते यांच्याच ठिकाणी असल्याची साक्ष दिली. अर्थात ही सारी धडपड एका आक्रमक सैन्याला तगविण्यासाठी होती, हे विसरून चालणार नाही.

मात्र याच मुक्कामात कोंते यांच्यातला चित्रकार पुन्हा जागा झाला. कैरोचे विणकर, कुंभार, लोहार आणि त्यांची साधी अवजारे त्यांनी बारकाईने पाहिली आणि चित्रांत उतरविली. उपकरणांना मुकलेल्या या माणसाला, थोडक्या साधनांत काम भागविणाऱ्या त्या कारागिरांचे मोल इतरांपेक्षा अधिक कळले असावे.

पेन्सिलीच्या कथेतील सर्वांत विलक्षण प्रसंग मात्र कैरोपासून दूर, नाईलच्या वरच्या खोऱ्यात घडला. झोल्वा आणि विल्ये द्यू तेराज हे दोन तरुण अभियंते 1799 मध्ये तिकडे गेले होते. त्यांचे नेमून दिलेले काम नदीच्या पाण्याच्या पाहणीचे. पण देंदेराची आणि थीब्जची मंदिरे दिसली आणि त्यांना दुसरे काही सुचेना. भिंतींवरील शिल्पे, खांब, छताची नक्षी ते उतरवू लागले आणि पाहता पाहता बरोबरच्या पेन्सिली झिजून संपल्या. कैरो शेकडो मैल दूर. तेव्हा बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या वितळवून तो रस नाईलकाठच्या बोरूंच्या पोकळीत ओतण्यात आला आणि त्या कांड्यांनी काम पुढे चालले. ज्या माणसाने पेन्सिलीतील शिशाचा उरलासुरला संबंध संपविला, त्याच्याच सोबत्यांवर ही वेळ आली. नाव आणि पदार्थ यांची पुन्हा गाठ पडली, ती अशा अडचणीत.

फ्रेंचांनी 1801 मध्ये इजिप्त सोडले आणि कोंते मायदेशी परतले. मोहिमेतील विद्वानांनी जमविलेली माहिती आणि चित्रे 'देस्क्रिप्स्याँ द लेजिप्त' या प्रचंड ग्रंथमालेत प्रसिद्ध करण्याचे ठरले आणि त्या कामाची सूत्रे कोंते यांच्याकडे आली. चित्रे ताम्रपटांवर कोरायची होती. मंदिरांच्या चित्रांत आकाशाचा भाग मोठा असे, आणि त्यातील छटांसाठी सारख्या अंतरावरील असंख्य समांतर रेघा हाताने कोरण्यात कारागिरांचे महिनेच्या महिने जात. कोंते यांनी त्यासाठी यंत्र तयार केले. ते रेघांमधील अंतर आपोआप सांभाळी आणि महिन्यांचे काम दिवसांवर येई. हेही त्यांच्या स्वभावाला धरूनच झाले.

ग्रंथ मात्र त्यांना पाहता आला नाही. पत्नीच्या निधनाने ते मनाने खचले होते. 6 डिसेंबर 1805 रोजी, वयाच्या अवघ्या 50 व्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे देहावसान झाले. ग्रंथमालेचे प्रकाशन 1809 मध्ये सुरू होऊन 1828 पर्यंत चालले. तिच्यात इजिप्तच्या कारागिरांची त्यांनी काढलेली चित्रे आहेत.

पेन्सिलीचा कारखाना पुढे त्यांचे जावई आर्नू आंब्लो यांनी वाढविला. त्यांनी आपल्या आडनावाला कोंते हे नाव जोडून घेतले. बॉरोडेलच्या खाणीतला उत्तम माल एकोणिसाव्या शतकात संपत गेला. तोवर कोंते यांची रीत जगभर पसरली होती. अमेरिकेतील कॉनकॉर्ड गावी 1840 च्या दशकात एक तरुण वडिलांच्या कारखान्यात ग्राफाइटमध्ये माती मिसळून पेन्सिली सुधारीत होता. तो तरुण म्हणजे हेन्री डेव्हिड थोरो; महात्मा गांधींमुळे आपल्याकडे परिचित झालेला सविनय कायदेभंगाचा पुरस्कर्ता. कोंते यांची फ्रान्समधील कंपनी 1979 मध्ये बिक या लेखणी उत्पादकांनी विकत घेतली.

कोंते हे नाव चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते, पण ते पेन्सिलीमुळे नव्हे. 'कोंते क्रेयाँ' नावाच्या चौकोनी कांड्या काळ्या, पांढऱ्या आणि गेरूसारख्या तांबूस रंगात मिळतात. जॉर्ज सरा यांनी आपली गाजलेली कृष्णधवल रेखाटने त्यांनीच केली. पेन्सिलीवर मात्र ना कोंते यांचे नाव चढले, ना मातीचे. मुंबईत 1958 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान पेन्सिल्स कंपनीच्या 'नटराज' आणि 'अप्सरा' पेन्सिली महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या दप्तरात राहिल्या आहेत. आपल्या देशात तयार होणाऱ्या पेन्सिलींसाठी लागणारे पॉपलरचे लाकूड मोठ्या प्रमाणावर काश्मीरमधील पुलवामा जिल्ह्यातून येते. आतली कांडी ग्राफाइट आणि मातीचीच, भट्टीत भाजलेली. शार्पनरमध्ये फिरविताना ती मोडली, की वर्गातले मूल शेजाऱ्याला सांगते ते शिसे तुटल्याचेच.